लग्नाआधी उघडलेली बाटली

तळघराच्या अरुंद जिन्यात आम्ही समोरासमोर आलो. मी उतरत होते, तो चढत होता. त्याच्या एका हातात बाटली, दुसऱ्या हातात बूच... आणि बाटलीवर पांढऱ्या रंगात माझं नाव. ऑर्नेला.

मी जिन्यातच त्याची वाट अडवली.

"कोर्रादो... हे काय केलंस तू?"

"मालकांनी जेवणाला बाटली आणायला सांगितली. इतक्या जुन्या बारोलो वाइनला हवा लागते, म्हणून खालीच उघडली."

"आंधळा आहेस का? नाव दिसलं नाही?"

"दिसलं ना," तो म्हणाला. "छान आहे."

मेल्याला थोबाडीत द्यावीशी वाटली. महिनाभर हा माणूस आमची मोठी लाकडी पिंपं दुरुस्त करत होता, आणि महिनाभर मी काही ना काही निमित्त काढून तळघरात उतरत होते – खोटं कशाला बोलू? पण ही बाटली... मी जन्मले त्या वर्षीची. आईच्या हातची शेवटची तांबडी वाइन. पुढच्या हंगामाला आई नव्हतीच. तिच्या बाटल्यांतली ही एकच उरली होती, माझ्या लग्नात उघडायची म्हणून बाबांनी जिवापाड जपलेली.

"बूच परत लाव," मी म्हणाले. आवाज रडवेला झाला होता.

"आता लावून उपयोग नाही गं. उद्यापर्यंत बिघडेल. आजच प्यायला हवी."

"तू ना... एक नंबरचा गाढव आहेस. बैल आहेस."

"गाढव की बैल – काय ते एक ठरव."

वर बाबा टेबलाशी बसले होते. साधा ग्लास लवंडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. आता आभाळच कोसळणार असं मला वाटलं. पण त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तीन ग्लास भरले. स्वतःच्या ग्लासात नाक खुपसून कितीतरी वेळ बसून राहिले. मग एक घोट घेतला.

"गेली," ते म्हणाले. "नुसतं पाणी झालंय."

कोर्रादोकडे जळजळीत नजर टाकून मी माझा ग्लास तोंडाला लावला... आणि तशीच थिजले. गुलाबाचा वास. चेरीची चव. वाइन ठणठणीत होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून टेबलावरच्या कापडाची सुरकुती सारखी करत होते. वाइन पारखण्यात आख्खी टेकडी ज्यांच्या नाकाला मान द्यायची, ते माझे बाबा.

कोर्रादोनं मला डोळ्यांनीच दटावलं – बोलू नकोस. ब्रेड आणायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. तो मागोमाग आला.

"त्यांनीच पाठवलं मला. कुठली बाटली, तेही सांगून," तो हळूच म्हणाला. "उन्हाळ्यापासून त्यांना वास येईनासा होत चाललाय. आज सकाळी कॉफीचा जरासा आला, म्हणून म्हणाले, आजच. पोरीच्या लग्नापर्यंत माझ्याकडे काही उरणार नाही, म्हणाले."

मी ब्रेड कापायला घेतला.

"मग जिन्यात का नाही बोललास? मी तुला इतकं... वाट्टेल ते बोलले."

"कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. आणि तू इतकं मनापासून बोलत होतीस... थांबवावंसं वाटेना."

मला हसू आलं, रडूही आलं. याच्यावर माझा जीव जडलाय हे मला तेव्हा, तिथे, ब्रेड कापता कापता कळलं. सुरी हातातच राहिली.

मी परत येऊन बाबांना खेटून बसले.

"वाइन गेलेली नाही, बाबा. गुलाब आहेत तिच्यात. सुकलेले."

ते दचकले. मला कळलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे मिटले.

"आणि?"

"चेरी. जराशी आंबट."

"आणि?"

"डांबराचा वास," कोर्रादो म्हणाला. "अगदी शेवटी, हलकासा."

बाबांनी पुन्हा घोट घेतला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तुझ्या आईची अशीच लागायची," ते म्हणाले. "आणि?"

मी कोर्रादोकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"आणि... मला हा माणूस आवडतो, बाबा."

कोर्रादोचा ग्लास लवंडला. आईची वाइन टेबलावरच्या कापडावर पसरत गेली. बाबा ओरडले नाहीत.

"एवढं कळायला नाक लागत नाही," ते म्हणाले, आणि ग्लास सरळ करून उरलेली वाइन त्यांनी त्याच्यासाठी ओतली.