आतल्या माणसाचा ठोका

जेवणाची सुट्टी झाली. सगळे शिकाऊ हात पुसत बाहेर पडले, तेव्हा सुताराने तेलाचा डबा उचलला, कापसाचे वळलेले पेड खांद्यावर टाकले आणि तो उलट दिशेने छपराखाली शिरला. काम लहान होते. नव्या नावेच्या उजव्या कुशीतला, तळाजवळचा एक सांधा भरायचा राहिला होता. तेवढा भरला की दुसऱ्या दिवशी सकाळी नाव पाण्यात जाणार होती.

सुताराचा उभा जन्म कपाटे करण्यात गेला होता. समुद्र त्याने पाहिला होता तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. पन्नाशी उलटल्यावर तो या अभ्यासवर्गाला आला, तो केवळ मुलीच्या हट्टापायी. बुडालेल्या नावांचा शोध घेणे, पाण्याखाली उतरून चिखलातल्या लाकडांची मापे घेणे, हे मुलीचे शिक्षण. त्याच आवारात जुन्या रीतीने नाव बांधण्याची कलाही शिकवली जात असे. समुद्रातून वर काढलेल्या एका जुन्या नावेच्या फळ्या तिथे गोड्या पाण्याच्या हौदांत ठेवलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तशीच नवी नाव शिकाऊंनी आपल्या हातांनी घडवायची, असा तो क्रम होता. मुलगी हौदांपाशी आणि बाप नावेपाशी. संध्याकाळी दोघे एका बाकावर बसून जेवत. ती शिकायला घराबाहेर पडल्यापासून इतके दिवस सलग बापाच्या वाट्याला कधी आली नव्हती. तो निजण्यापूर्वी हात जोडून देवाचे आभार मानत असे आणि आणखी काही मागत नसे.

जुनी नाव का बुडाली, हे कोणालाही सांगता येत नव्हते. जिथे ती सापडली तिथे खडक नव्हता. किनारा तर इतका जवळ की तिथून माणसाची हाक ऐकू यावी. तरीही ती सरळ तळाशी गेली होती.

नाव बांधायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांची जीभ त्यांच्या रंध्यापेक्षा धारदार होती. पहिल्याच दिवशी सुताराचा धंदा समजल्यावर ते म्हणाले होते, "या कपाटवाले. आता एवढं सांगा, हिला कुलूप कुठे लावणार?" तेव्हापासून तो साऱ्या वर्गाचा कपाटकाका झाला. सुतार हसला होता. मात्र त्या हसण्याखाली एक बारीक कुसळ राहिले होते, आणि ते त्याने काढून टाकले नव्हते.

सांधा भरण्याची तिथली रीत अशी होती. हे काम दोघांचे. एकाने नावेच्या बाहेर बसून, दोन फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस बोथट छिन्नीने ठोकत जायचे. दुसऱ्याने नावेच्या पोटात उतरून फळीला तळहात लावून बसायचे. सांधा नीट बसला, तर आतल्याने एक ठोका द्यायचा. दोन ठोके आले, तर तीच जागा पुन्हा भरायची. काम चालू असताना कोणी बोलायचे नाही, कारण कापूस पक्का बसला की हातोड्याचा आवाज बदलतो, आणि तो कानानेच ओळखावा लागतो.

"बाबा, मी आत बसते. तुम्ही डबा घेऊन या," असे मुलगी मघाशीच म्हणाली होती.

त्या दिवशी समुद्रावरून दाट धुके आले होते. भर दुपारी छपराखाली तिन्हीसांजेसारखा उजेड होता. नावेच्या पोटात दिवा लावलेला होता आणि न भरलेल्या सांध्यातून त्याची पिवळी रेघ बाहेर येत होती. सुताराने मांडी घातली, मनात देवाचे नाव घेतले आणि हातोडा उचलला.

आतून एक ठोका आला. तो वीतभर पुढे सरकला. पुन्हा एक ठोका. पोरीचा हात आज ठाम पडतो आहे, असे त्याला वाटले. कापूस आत जात होता, रेघ मागून विझत होती, तेलाचा वास सगळीकडे भरून राहिला होता. आपण कोणाच्या तरी उपयोगाचे काम करतो आहोत, या जाणिवेने येणारे समाधान त्याच्या मनात होते. त्या सुखात तो तिसऱ्या फळीच्या टोकापर्यंत आला.

आतून दोन ठोके आले.

त्याने कापूस पुन्हा ठोकला. पुन्हा दोन. त्याने नवा पेड घेतला, तेल निथळू दिले, मनगट सैल सोडून सावकाश भरले आणि कान दिला. आवाज बरोबर वाटत होता. आतून दोनच ठोके आले.

सुताराचा हात थांबला. त्या जागी काय आहे, हे साऱ्या आवारात त्याला एकट्याला ठाऊक होते.

ती फळी त्यानेच घडवली होती. वाफेच्या पेटीतून काढून वाकवताना तिच्या टोकाला बोटभर चीर गेली. वस्ताद तेव्हा पलीकडे कोणाची तरी चेष्टा करत होते. सुताराने लाकडाचा भुसा सरसात कालवला, तो लगदा चिरेत दाबला, घासून गुळगुळीत केला आणि फळी जागेवर बसवली. दिवाणखान्यात उभ्या राहणाऱ्या कपाटाला हा उपाय जन्मभर पुरतो. त्याने हे फसवावे म्हणून केले नव्हते, तर हाताच्या सवयीने केले होते. मात्र ते त्याने लपवले, आणि लपवले जाणूनबुजून. माणसाची चूक आणि माणसाचे पाप यांच्यामध्ये एवढेच अंतर असते.

"अगं, बस झालं आता..." तो रीत मोडून हळूच म्हणाला. "पक्का बसलाय."

दोन ठोके.

दिव्याची रेघ आता वीतभरच उरली होती. ती मध्येच झाकली गेली, जणू कोणी जवळ सरकून बसले. तेलाच्या वासात दुसरा वास मिसळला. हौदांवरची झाकणे काढली की येतो तसा, फार दिवस पाण्याखाली राहिलेल्या चिखलाचा.

"तुला कळलंय का...?" सुताराने विचारले. "कळलं असेल तर सांग. असं करू नकोस..."

आतून फळीवर तळहात सरकत येण्याचा आवाज झाला. खरखरीत, सावकाश. सुताराचा डावा पंजा बाहेरून फळीवर टेकलेला होता. तो आवाज बरोबर त्या पंजाच्या मागे येऊन थांबला. मग दोन ठोके पडले. ते रागाचे नव्हते. झोपलेल्या मुलाला उठवताना दारावर टकटक करावी, तितके ते हलके होते.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

सुताराने मान वळवली. मुलगी छपराच्या दारात उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि त्यांवरून पाणी ठिबकत होते.

"तू... बाहेर कधी आलीस?"

"आत गेलेच नाही मी. दिवा लावला आणि प्रमुख बाईंनी हौदावर बोलावून घेतलं. फळी उलटायला माणूस हवा होता. तुम्हाला हाक मारली की. धुक्यात ऐकू नाही आलं का?"

"मग आत कोण आहे?"

"आत कोण असणार? सगळे जेवायला गेलेत." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. शिडीवरून वर चढून, नावेच्या पोटात उतरण्याच्या तोंडाशी ती वाकली.

"दिवा आहे. दुसरं कोणी नाही, बाबा."

सुताराने त्या सांध्याकडे पाहिले. हातोडा खाली ठेवून जेवायला जावे, इतके ते सोपे होते. उद्या नाव पाण्यात गेली असती, फुले नि टाळ्या झाल्या असत्या, आणि कपाटकाका ताठ मानेने घरी परतला असता. त्या नावेत त्याची मुलगी बसणार होती. तिच्यासारखीच दुसऱ्यांची मुलेही बसणार होती. त्याने पटाशी घेतली आणि भरलेला कापूस उपसायला सुरुवात केली.

"बाबा, हे काय करताय?" मुलगी धावत खाली आली.

त्याने पटाशी चालूच ठेवली. कापूस निघाला, चिरेचे तोंड उघडे पडले. त्याने भुशाचा लगदा पटाशीच्या टोकाने खरवडला. वाळून दगड झालेला असायला हवा होता तो. तो ओला निघाला. बोटाने दाबताच त्यातून पाणी सुटले. सुताराने ते जिभेला लावले.

ते खारट होते. आणि नावेला अजून समुद्राचा स्पर्श झालेला नव्हता.

त्याने मुलीला सगळे सांगितले. चीर, सरस, भुसा आणि ठोके. ती ऐकत राहिली. मग आपल्या ओल्या हाताने तिने त्याचा हात धरला. "वस्तादांना मी सांगू का?"

"नको बाळ. हे माझं मलाच सांगू दे."

जेवणाच्या लांब बाकापाशी उभा राहून त्याने सर्वांसमोर सांगितले. चीर कशी गेली ते सांगितले आणि ती का लपवली तेही सांगितले. कोणी घास थांबवला, कोणी हसू दाबले. अभ्यासवर्गाच्या प्रमुख बाई एवढेच म्हणाल्या, "उद्याचं रद्द. फळी नवी घालू."

वस्तादांनी मात्र सोडले नाही. "अहो कपाटवाले, समुद्र म्हणजे काय सोयरीक जमवायला आलेला पाहुणा आहे, वरचा रंग बघून खूश होणारा? तो आत शिरून बघतो. पहिल्या तासात तुमचा भुसा धुऊन नेला असता त्याने."

"खरं आहे," सुतार म्हणाला. ते कुसळ आता उरले नव्हते.

"बरं, कळलं कसं? सांध्याला आतून हात कोणी लावला होता? पोरीने?"

"ती हौदावर होती. आतून दोन ठोके येत राहिले. आत कोणी नव्हतं."

वस्तादांनी तोंडातला घास तसाच ठेवून त्याच्याकडे पाहिले. यावर एखादा टोला येईल म्हणून सगळे थांबले. टोला आला नाही. वस्तादांनी पाण्याचा पेला उचलला आणि ते भिंतीकडे पाहत पाणी पीत राहिले.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. नवी फळी निवडताना सुताराने तीन नाकारल्या. वाफेतून निघालेली फळी वाकवताना वर्गातले सगळे तिला लटकले, हात भाजले, एकमेकांना शिव्या घातल्या आणि हसले. मुलगी हौदावरची कामे आटोपून बापाला कापूस वळून देई. "आईला सांगू नका हं. घरी साधी वात वळत नाही म्हणून ती मला बोलत असते," ती म्हणे. सांधा पुन्हा भरला गेला तेव्हा आत मुलगी बसली होती, आणि प्रत्येक वेळी आतून एकच ठोका आला. अपराध कबूल केलेल्या माणसाला जी झोप लागते, ती सुताराला रोज लागत होती.

नाव पाण्यात गेली ती लख्ख उन्हाच्या एका सकाळी. वारा मंद होता. शीड भरले, किनाऱ्यावरची माणसे लहान झाली आणि बंदराचा बांध मागे पडला. सुताराला पहिल्यांदाच आपल्या खाली खोल पाणी असल्याचे जाणवले, आणि भीती वाटली नाही. सारा वर्ग वरच्या फळ्यांवर दाटीवाटीने बसला होता. वस्ताद सुकाणू धरून होते. प्रमुख बाईंनी मुलीला, तळात पाणी येते आहे का ते पाहून यायला सांगितले.

मुलगी खाली उतरली. थोड्या वेळाने तिचे डोके वर आले. चेहरा फुललेला होता.

"ठणठणीत कोरडं आहे, बाबा. तुमच्या फळीपाशी हात फिरवून पाहिला. थेंब नाही."

लोकांनी सुताराच्या पाठीवर थापा मारल्या. त्याने डोळे मिटून मनात हात जोडले.

"पण खाली काका कोण बसलेत?" मुलगी वर येऊन त्याच्याजवळ टेकत म्हणाली. "मी उन्हातून गेले ना, ते अंधारात ओळखू आले नाहीत. मला तळ नीट दिसावा म्हणून बिचाऱ्यांनी पाय वर घेतले."

सुताराने नावेवर नजर फिरवली. जेवढे निघाले होते तेवढे सगळे वर होते. त्याचे हे पाहणे बाकीच्यांनीही पाहिले, आणि मग तेही एकमेकांची तोंडे मोजू लागले. थापा थांबल्या. शीड तेवढे वाजत होते.

"काही बोलले का ते...?" त्याने विचारले.

"हो. तुम्हाला ओळखतात. म्हणाले, तुझ्या बाबांनी सांगितलं, फार बरं केलं." ती मांडीवर घेतलेल्या एका सुतळीची गाठ सोडवत होती. वर झालेली शांतता अजून तिच्या लक्षात आली नव्हती. "मग म्हणाले, बाकीच्यांनी सांगितलं का?"

ज्याने त्याने नजर आपापल्या हातांकडे वळवली.

थोड्या वेळाने वस्तादांनी, कोणालाही न विचारता, सुकाणू किनाऱ्याकडे फिरवले. का, असे त्यांना कोणी विचारले नाही. वारा चांगला होता, आकाश स्वच्छ होते. नाव बांधाच्या आत येईपर्यंत वस्ताद ताठ उभे होते, आणि तळाकडे उतरण्याच्या त्या काळोख्या तोंडाकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.