पट्टीएवढं आकाश

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही थोडं पुढे सरका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगवत नाही. देवाच्या दारी बसून फसवू नये, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं, की हिच्यात हसण्याच्या जागा थोड्या आहेत. पण ऐका. फार दूरच्या काळाची नाही. तुमच्या मांडीवरचं लेकरू उद्या शिक्षक होईल ना, तेव्हाची आहे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खाडीकाठच्या अकरा शाळांचे भाषाशिक्षक केंद्रशाळेत जमत. पूर्वी या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचायची, चहा प्यायचा आणि घड्याळाकडे बघायचं, एवढंच असे. आता तिथे खरं काम चालायचं. प्रत्येकाने स्वतः रचलेला एक स्वाध्याय आणायचा, बाकीच्यांनी तो चाळणीतून काढायचा, आणि मग तो छायावर्गापुढे ठेवायचा.

मुलांच्या पेन्सिलींच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढं एक यंत्र असे. बोटांचा दाब, अक्षरांचा वेग, हात कुठे थांबला, काय खोडलं, सगळं ते टिपून ठेवी. अशा दोन-दोन वर्षांच्या टिपणांवरून प्रत्येक मुलाची एक छाया तयार होई. स्वाध्याय भिंतीवर टाकला, की छाया तो सोडवून दाखवायची. अगदी त्या मुलासारखा, त्याच्या चुकांसकट. म्हणजे खऱ्या मुलाला घाम फुटण्याआधीच शिक्षकाला कळे, की प्रश्न कुठे जड जाणार आहे. या सोयीने पुष्कळ भलं झालं, हे कबूल केलं पाहिजे. तिसरीपर्यंत अक्षर न ओळखणारी मुलं चौथीत गोष्टी वाचू लागली होती.

त्या शनिवारी पाळी हेमांगी तोडणकरची होती. स्वाध्यायाचं नाव ‘माझी संध्याकाळ’. प्रश्न पाच. भिंतीवर तिच्या चौथीच्या वर्गाच्या एकोणीस छाया लिहीत होत्या. तिसऱ्या प्रश्नापाशी एक छाया थांबली. ‘दिवेलागणीला तू कुठे असतेस?’

अर्धं मिनिट झालं, प्रश्न तांबडा झाला आणि यंत्र पुढे सरकलं. तसा नियमच होता.

“कोण ती?” केंद्रप्रमुख कुळ्ये सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

“जुई पावसे,” हेमांगी म्हणाली. “हुशार आहे हो. इथेच का अडली कोण जाणे.”

“कुठे असतेस, काय करतेस, हे पोलीस विचारतात, तोडणकर बाई. पोर घाबरणारच.”

सगळे हसले. शेजारच्या उर्दू शाळेच्या तस्लीमा मुकादम म्हणाल्या, “वाक्य फिरवून बघ ना. दिवेलागणीला आकाश कसं दिसतं, असं विचार. बघितलेलं लिहायला मुलांना आवडतं.”

प्रश्न बदलला. जुईची छाया झरझर लिहिती झाली. एकोणीसच्या एकोणीस पार.

परिषदेची एक रीत होती. तांदळातला खडा काढावा तसा काढून टाकलेल्या प्रत्येक प्रश्नामागे एक खडा पितळी वाटीत टाकायचा. ज्याच्या स्वाध्यायाला सगळ्यात कमी खडे, त्याला कुळ्ये सरांच्या घरचे नारळाचे लाडू. त्या दिवशी वाटीत हेमांगीचा एकच खडा पडला आणि लाडवांचा डबा तिच्या पिशवीत गेला.

सोमवारी खऱ्या जुईनेही तो स्वाध्याय सोडवला. नऊ वर्षांची, किडकिडीत, वेणी कायम ओली. तिने लिहिलं होतं, ‘दिवेलागणीला आकाश पट्टीएवढं असतं. लांब आणि बारीक. आधी तांबडं होतं, मग काळं होतं.’ हेमांगीला ती उपमा इतकी आवडली की तिने समासात तारा काढला आणि लिहिलं, ‘छान कल्पना.’

वही परत देताना तिला जुईची बोटं दिसली. टोकांना कातडी सुटलेली, बारीक चिरा पडलेल्या.

“काय गं हे?”

“चिंबोरी चावली, बाई.”

“दहाही बोटांना? मोठा भुकेला खेकडा होता म्हणायचा तुझा.”

जुई हसली. हेमांगीही हसली, बोटांना हळद लावायला सांगितलं आणि पिशवी उचलली. तिचं घर खाडीपलीकडे. पाचची होडी चुकली की दुसरी नसे. शाळेच्या गावची दिवेलागण तिने सहा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात बंदराकडच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये अमोनियाची नळी फुटली. बर्फघराचा वायू तो. डोळे जाळतो, मग छाती जाळतो. शेडला दार एकच होतं, आणि तपासणीवाल्यांना आतलं दिसू नये म्हणून सोलणाऱ्या बाया आत असताना ते बाहेरून लावलेलं असे. सहा बाया गेल्या. सातवी जुई. शाळा सुटली की ती रोज आईशेजारी बसून कोळंबी सोलायची. लहान बोटांनी कोळंबी तुटत नाही, म्हणून मुलींना घेत. आईसुद्धा त्या सहांतच.

हेमांगी सकाळच्या पहिल्या होडीने गेली आणि शेडमध्ये आतवर गेली. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. लांब आणि बारीक. तिच्यातून आकाश दिसत होतं.

पुढच्या शनिवारी परिषद भरली. भिंत उजळली आणि एकोणीस छाया उभ्या राहिल्या.

कुळ्ये सर खाली बघत म्हणाले, “नाव वर कळवलंय. सोमवारी तिची छाया पुसली जाईल.”

“सर, पुसायच्या आधी तिला तो प्रश्न विचारायचाय,” हेमांगी म्हणाली. “आपण काढून टाकलेला. आणि अर्ध्या मिनिटाची अट काढा.”

“त्याने काय होणार, बाई?”

“काही नाही होणार. पण विचारायचाय.”

तस्लीमांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “हेमांगी, ही जुई नाही गं. तिच्या वह्यांवरून बांधलेला अंदाज आहे नुसता.”

“ठाऊक आहे. वह्या तरी तिच्याच आहेत ना?”

प्रश्न भिंतीवर आला. छाया थांबली. एक मिनिट झालं. दोन झाली. खोलीत कुणी खुर्ची हलवली नाही.

हेमांगीला तिच्या गावच्या देवळातले कीर्तनकार बुवा आठवले. ऐन रंगात आलेलं पद ते मध्येच तोडायचे, चिपळ्या खाली धरायचे आणि गप्प उभे राहायचे. पोरं चुळबुळ करत. बुवा म्हणत, “घाई कसली? गाताना मी दिसतो. थांबलो की तो दिसतो.” लहानपणापासून ऐकलेलं हे. आणि छायावर्ग आल्यापासूनची पाच वर्षं ती दर महिन्याला थांबलेल्या जागा निवडून फेकत होती.

चार मिनिटं उलटली तेव्हा छाया लिहू लागली. ‘सांगायचं नाही असं सांगितलंय. बर्फात हात घातला की मग आपले वाटत नाहीत. वासाने डोळे चुरचुरतात. बाई, तुम्ही पाचच्या होडीने जाता ना?’

कुळ्ये सर उठून खिडकीशी गेले.

यंत्राने नवं काहीच सांगितलं नव्हतं. हेमांगीने वह्या काढल्या. ‘माझा आवडता ऋतू’मध्ये जुईने लिहिलं होतं, की तिला थंडी नको, बर्फ गार असतो. ‘नाक’ या पाठाखाली चुरचुरणारे डोळे होते. आणि पट्टीएवढ्या आकाशाखाली हेमांगीच्याच अक्षरात, ‘छान कल्पना.’

तिने पितळी वाटी उचलली आणि सतरंजीवर पालथी केली. दोन-अडीचशे खडे घरंगळले.

“यातला माझा एक ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “बाकीचे कुणाकुणाचे?”

मग तस्लीमा खाली बसल्या आणि एक खडा उचलून मुठीत धरला. “माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ‘वडिलांना पत्र लिहा’ म्हटलं की थांबते. मी ‘मैत्रिणीला’ असं करून दिलं. त्या वेळी लाडू मला मिळाले होते.”

त्या दिवशी एकही नवा स्वाध्याय रचला गेला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा जण जुने तांबडे प्रश्न शोधत आणि त्यांच्यापुढे नावं लिहीत बसले. पाचची होडी हेमांगीने जाऊ दिली. दिवेलागणीला ती तस्लीमांबरोबर त्या मुलीच्या घराकडे चालू लागली. दाराआड काय असेल, दोघींनाही ठाऊक नव्हतं. सोमवारी भिंतीवर अठराच छाया उरल्या.

आता उठण्याआधी एकच विचारतो. तुमच्या घरचं, शेजारचं एखादं लेकरू आत्ता कुठल्या प्रश्नापाशी थांबलं असेल? त्याच्यासाठी तुम्ही किती वेळ थांबाल?

आणि एक मागणं आहे. आज देवापुढे वात लावाल तेव्हा क्षणभर हात थांबवा. जुई पावसे, इयत्ता चौथी. तिचं नाव घ्या, आणि मग वात लावा.