टाकी हलकी होते तेव्हा

"तुमची पोलादी टाकी तपासणीला गेलीय," पाणबुड्यांच्या क्लबात श्वासाच्या हवेच्या टाक्या भरून देणारा टाकीवाला म्हणाला. "आज ही ॲल्युमिनियमची घ्या. आणि पट्ट्यात दोन किलो शिसं जास्त लावा."

ती आधीच वैतागलेली होती. उद्या सकाळच्या बोटीने ती दूरच्या एका बेटावर चालली होती, समुद्रातलं गवत मोजायच्या नोकरीवर. त्या बेटावर टाक्या भरायला माणूस हवा होता, आणि हे टाकीवाल्याला सांगायचं म्हणून ती आठवडाभर रोज क्लबात येत होती. रोज तोंड उघडायची आणि विचारायची काय, तर... हवा भरली का! त्यात आज जोडीची मैत्रीण सर्दीने झोपलेली, म्हणून पाण्यात सोबतीला तोच येणार. जिवाला नुसता घोर.

धक्क्याजवळ पाण्यात उतरून तिने आधी जास्तीचं शिसं न लावताच पट्टा आजमावला. श्वास सोडून अलगद खाली गेली, वर आली.

"बघा, बुडले की! तुमचं शिसं तुम्हालाच लखलाभ."

"आत्ता टाकी भरलेली आहे. हवा संपत आली की बोला."

"हवेला कसलं आलंय वजन?"

"दोन-अडीच किलो तरी असतं. पोलादी टाकी रिकामी झाली तरी बुडलेलीच राहते. ही मात्र..." तो हसला. "ही तुमच्यासारखी. एका जागी टिकायची नाही."

तळाकडून परतताना पाच मीटर खोलीवर जरा थांबायचं असतं, अंगात मुरलेला वायू सावकाश निघून जावा म्हणून. नेमकी तिथेच तिची फजिती झाली. हवा संपत आलेली, पाठीवरची टाकी वर खेचायला लागली. ती हातपाय मारतेय आणि वरचा उजेड आपला जवळच येतोय! एवढ्यात मनगटावर पकड बसली. त्याने तिला खाली ओढलं, आपल्या खिशातलं शिसं काढून तिच्या खिशात सरकवलं. ती स्थिर झाली. आता हात सोडायला काहीच हरकत नव्हती. त्याने सोडला नाही... आणि तिनेही सोडवून घेतला नाही.

बाहेर आल्यावर ती हवा भरायच्या खोलीत सामान ठेवायला गेली, तर दाराआड तिची पोलादी टाकी! भरलेली, पुसलेली, मानेला तिनेच बांधलेली निळी दोरी.

"तपासणीला गेली होती ना?"

टाकीवाल्याचा चेहरा उतरला. "त्या बेटावर सगळ्या ॲल्युमिनियमच्याच टाक्या आहेत. मी चौकशी केली. म्हटलं, पहिल्यांदा उधळायचीस ती... इथेच उधळ. धरायला मी असताना."

'तुम्ही' कधी गळून पडलं, त्याला कळलंही नाही. तिला कळलं.

"तिथे टाक्या भरायला माणूस हवाय," ती एका दमात बोलून गेली. "आठवडा झाला, सांगेन सांगेन म्हणतेय... येशील?"

त्याने पाठ वळवली, कॉम्प्रेसर बंद केला. घरघर थांबली. उगाच बोललो आपण, असं तिला वाटून गेलं.

"बोट किती वाजता आहे?" त्याने विचारलं.