मावशीचा उपग्रह दुपारीच का रुसतो?

कुणाला खरं वाटणार नाही, पण डोक्यावर शेकडो किलोमीटर उंच फिरणारा उपग्रह एका मुलीने नुसती एक गाठ सोडून वाचवला. घरी तिला सगळे टकळी म्हणत. सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ चिंगळ्या मावशीकडे आले होते, आणि मावशी होती उपग्रह केंद्रात इंजिनिअर.

जंगलात वणवा पेटला की मावशीचा उपग्रह वरून फोटो पाठवायचा. सकाळच्या फेरीत फोटो स्वच्छ यायचे. दुपारच्या फेरीत मात्र स्वारी मध्येच गुडुप.

"म्हातारा झालाय. उन्हात तापतो," मोठे साहेब म्हणाले. "आजची दुपार बघू. नाहीतर संध्याकाळी कायमचा बंद."

"साहेब, त्याला वर सकाळ काय नि दुपार काय, ऊन तेवढंच," मावशी म्हणाली. साहेबांनी जांभई दिली. मावशीचे डोळे भरून आले, ते टकळीने पाहिलं.

दुपारी मावशी पडद्यासमोर बसली, चिंगळ्या तिला चिकटून. टकळीला मात्र मावशीचं फर्मान निघालं, "तोंड बंद राहत नसेल तर बाहेर."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सावली एकच: समोरच्या उंचवट्यावर साहेबांची गाडी तापू नये म्हणून दुपारपुरतं ताणलेलं, धातूचा मुलामा दिलेल्या चंदेरी कापडाचं छप्पर. टकळी खुशाल गाडीवर चढून बिस्किटं खात बसली.

उपग्रहाचा माग काढणारी घराएवढी अँटेनाची थाळी सावकाश मान वळवत खाली येत होती. येता येता ती थेट टकळीकडेच बघायला लागली.

तेवढ्यात खिडकीतून चिंगळ्या ओरडला, "ताई, गेला! फोटो अर्धाच आला."

टकळीचा घास तोंडातच राहिला. थाळी इकडे बघतेय, म्हणजे उपग्रह आपल्या पाठीमागे. आणि मध्ये हे चंदेरी कापड. त्याची दोरी तर 'अँटेनासमोर काहीही उभारू नये' या पाटीच्याच खांबाला बांधलेली.

उडी मारून तिने गाठ ओढली. छप्पर गाडीवर आडवं झालं.

"आला, परत आला," आतून मावशीचा आवाज.

साहेब धावत आले ते गाडीच्या काळजीने. पाटी वाचली आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. छप्पर त्यांनीच बांधायला लावलं होतं.

"उपग्रह बंद करायचा नाही," ते मावशीला म्हणाले. मग टकळीकडे वळले. "शाबास पोरी. आम्हा एवढ्या जणांना जे दिसलं नाही, ते तू कसं ओळखलंस?"

टकळीने घसा खाकरला. "सोपं होतं, साहेबकाका. सकाळपासून मी कोन मोजत होते. थाळीची दिशा, उपग्रहाची दिशा, सगळं गणित मांडलं आणि..."

"थापा मारतेय," चिंगळ्या म्हणाला. "तुमच्या गाडीवर बसून बिस्किटं खात होती. चुरा बघा, अजून हनुवटीवर आहे."