घाईबाईची तुती

फळांच्या गाडीसमोर एक माणूस कलिंगडाला कान लावून उभा होता. बोटाने टकटक करायची, डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची आणि ते खाली ठेवून दुसरं उचलायचं, असं त्याचं चाललं होतं. फळवाल्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. शेजारी खरबूज निवडत उभ्या असलेल्या तिला मात्र हसू आलं, आणि आलं म्हणून ती स्वतःच दचकली. हिवाळ्यापासून हसू तिच्या वाटेला फिरकलं नव्हतं.

"आत कुणी राहतं का?" तिने विचारलं.

तो वळला. रापलेला चेहरा, दमलेले डोळे आणि ओठांवर जेमतेम एक हसू. "इंजिन असं ऐकलं की बिघाड कळतो," तो म्हणाला. "याचं काही कळत नाही बुवा. तुम्हीच बघा ना."

तिने पोटाकडून पिवळं पडलेलं, देठ वाळलेलं एक कलिंगड निवडून त्याच्या हातात दिलं आणि स्वतःचं खरबूज घेऊन निघाली. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही की वारा नाही, नुसता उकाडा. ती गल्लीत वळली, तोही वळला. ती थांबली, तोही थांबला. शेवटी तिने जरा आवाज चढवूनच विचारलं की तुम्ही माझ्या मागे का येताय.

"मागे नाही... पडद्यांच्या दुकानात चाललोय. माझी बहीण तिथे होती. तिचं सामान न्यायचंय."

म्हणजे हा घाईबाईचा भाऊ होता.

पडद्यांच्या त्या दुकानात चौघी काम करायच्या. मालकीण मावशी, जी कुणाचीच मावशी नव्हती पण सगळ्यांवर मावशीसारखी ओरडायची. पडद्यांना कड्या बसवणारी चिमणी, जिचं तोंड तिच्या सुईपेक्षा जास्त चालायचं. कापड कापणारी ही. आणि मशीनवर घाईबाई. घाईबाई चहा गरम गरम गिळायची, वाक्य अर्धंच बोलायची, चालता चालता चपला घालायची. हिवाळ्यात तिला ताप आला, तो तिने अंगावर काढला, आणि आठवड्याच्या आत ती गेली. "जायचीसुद्धा हिला घाईच झाली," असं चिमणी म्हणाली आणि मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून रडत बसली.

भाऊ बोटीवर इंजिनात काम करायचा. बहिणीची बातमी त्याला भर समुद्रात कळली होती. आईवडील केव्हाच गेलेले, आता बहीणही नाही. उन्हाळाभर सुट्टी होती, तेवढ्यात बहिणीचं घर विकायचं आणि परत बोटीवर जायचं, एवढंच त्याचं ठरलेलं होतं. दुकानात मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या हातातल्या कलिंगडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सामान कुठे पळून जात नाही. आज शनिवार आहे. बस."

शनिवारी दुपारी त्या दुकानात फळं खायची रीत होती. मशीनं बंद करायची, कापडांच्या ताग्यांवर जुन्या चादरी टाकायच्या, कारण रसाचा एक थेंब उडाला तर अख्खा तागा वाया. मग कापायच्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून सगळ्यांनी भोवती बसायचं. मावशीची द्राक्षं, चिमणीचं कलिंगड, हिचं खरबूज. आणि एक नियम होता. फळं तोंडात असताना मोठं काही बोलायचं नाही. आजारपण, घरभाडं, कुणाचं लग्न मोडलं, सगळं बंद. बोलायचं ते बारीकसारीक, कुणाला सांगून उपयोग नाही असं.

म्हणून त्या दिवशी त्यांनी त्याला बारीकसारीकच सांगितलं. घाईबाई कलिंगडाच्या बिया गिळायची, थुंकायला वेळ जातो म्हणून. द्राक्षं मुठीने खायची. मशीनवर एकच गाणं गुणगुणायची आणि तेही अर्ध्यावर सोडायची. तो आधी हसला, मग हातातल्या फोडीकडे बघत राहिला. फोडीचा रस मनगटावर ओघळला, तरी त्याला कळलं नाही.

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "फोनवर ती सगळं ठीक आहे म्हणायची आणि ठेवून द्यायची... पुढच्या शनिवारी आलो तर चालेल का?"

चालेल का म्हणजे काय, धावेल, असं चिमणी म्हणाली. ही त्याच्या हाताखाली कोरडं फडकं सरकवून परत आपल्या जागी बसली.

तो येत राहिला. आला की घाईबाईच्या कपाटातली एकच वस्तू न्यायचा. एकदा चपला, एकदा कप, एकदा नुसती मापाची टेप. टेप न्यायला अख्खा शनिवार लागतो का माणसाला, असं चिमणी त्याच्या देखत म्हणाली, आणि त्याचे कान लाल झाले. मग तो हिला बस थांब्यापर्यंत सोडायला यायचा. वाटेत तो इंजिनाबद्दल बोलायचा, ही कापडाबद्दल. मखमलीची लव कोणत्या बाजूला झुकते ते डोळे मिटून हाताने ओळखायचं, हे तिने त्याला तिथेच एका दुकानाच्या दारात शिकवलं. तेव्हा त्याची बोटं कापडावरून सरकत तिच्या बोटांपाशी येऊन थांबली होती... आणि दोघांनीही हात लगेच काढले नव्हते. ती त्याच्या प्रेमात पडली होती. हे तिला स्वच्छ कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण मैत्रीण गेली नसती तर तो आलाच नसता.

दुसरी एक भीती त्याहून मोठी होती. आठवणी संपत आल्या होत्या. बियांची गोष्ट मावशीने दोनदा सांगून झाली होती. कपाटात आता फारसं काही उरलं नव्हतं. तो येतो ते बहिणीसाठी. सांगण्यासारखं संपलं की हा कशाला येईल? घर विकलं जाईल, तो बोटीवर जाईल, आणि मग या गावात त्याचं काय उरणार?

म्हणून एका शनिवारी, थांब्यावर बसची वाट बघताना, ती खोटं बोलली.

मागच्या गल्लीत तुतीचं झाड आहे, ती म्हणाली. एकदा दुपारच्या सुट्टीत घाईबाई भिंतीवर चढली. झरकन. वरून तुती तोडून माझ्या पिशवीत टाकत होती, निम्म्या तिथेच खात होती. तळवे, ओठ, सगळं जांभळं. झाडाचा मालक ओरडत आला तेव्हा तिने वरून त्यालाच दोन तुती देऊ केल्या.

तो तिच्याकडे वळला.

"भिंत किती उंच होती?" त्याने विचारलं.

"डोक्याच्या वर."

"आणि ती चढली."

"हो... बघता बघता."

"अजून सांगा," तो म्हणाला.

एक खोटं सांगितलं की पुढची सोपी जातात. पुढच्या शनिवारी घाईबाई गच्चीच्या कठड्यावर बसून पाय हलवत खरबूज खात होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी काही. सांगताना ती रंगून जायची आणि बसमध्ये बसली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गेलेल्या मैत्रिणीच्या नावावर आपण आपलं दुकान चालवतोय असं वाटायचं. रात्री ठरवायची, आता खरं सांगून टाकायचं. शनिवारी त्याचा चेहरा दिसला की तोंडाला कुलूप.

शेवटचा शनिवार आला. त्याची सुट्टी संपत होती आणि फळंही. टेबलावर मऊ पडलेली द्राक्षं आणि एकच खरबूज होतं, तेही फिकं. त्याने शेवटची वस्तू बांधून घेतली, घाईबाईचं मशीन. तेवढ्यात मावशीला आठवलं की एका गिऱ्हाइकाचा पडदा टांगून बघायचा राहिलाय. चुण्या सरळ पडतात का ते टांगल्याशिवाय कळत नाही. तिने शिडी काढायला सांगितली. ही वर चढली आणि त्याने खालून शिडी धरली.

"माझी बहीण चढायची का यावर?" त्याने सहज विचारलं.

"कसली चढते," मावशी म्हणाली. "शिडी निघाली की तिला नेमकी घाई असायची. चहा ठेवायला जा, दोरा आणायला जा. कधी म्हणून हात लावला नाही शिडीला."

हिचे हात वरच थांबले. तिने खाली बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, शांतपणे. त्याला सगळं माहीत होतं.

त्या दिवशी थांब्यावर बस आली आणि गेली. कुणीच चढलं नाही.

"तिला उंचीची भीती होती," तो म्हणाला. "स्टुलावरसुद्धा चढायची नाही. मी दर सुट्टीत येऊन तिच्या घरचे दिवे बदलून जायचो."

"म्हणजे तुतीच्या दिवशीच..."

"हो, त्याच दिवशी."

"आणि तरी अजून सांगा म्हणालात." तिचा आवाज फुटला. "मला शिव्या द्यायच्या होत्यात."

"राग आला होता. घरी जाऊन खूप राग आला." त्याने मशीनचं गाठोडं खाली ठेवलं. "पण ती भिंतीवर चढलीय, तोंड जांभळं करून बसलीय... हे ऐकायला बरं वाटत होतं. आणि मग वाटलं, ही बाई माझ्यासाठी एवढं खोटं बोलतेय. बाकी सगळं खोटं असेल, मी यावं असं हिला वाटतंय, तेवढं तरी खरं असेल." तो थांबला. "आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "तेवढं खरं आहे."

तो तिच्याशेजारी बसला. त्याच्या हाताला द्राक्षांचा चिकटपणा होता, तिच्याही.

"तिचं घर आतून बघितलंयस कधी?" त्याने विचारलं. तू कधी म्हणायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तिने नाही म्हणून मान हलवली. घाईबाईने कुणालाच कधी आत बोलावलं नव्हतं. दारातच म्हणायची, चला चला, उशीर होतोय.

"खिडक्यांना पडदे नाहीत. एकाही नाही. काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलीत. खालून हात पोचेल तिथपर्यंतच. मला वाटायचं, घाईत राहून गेलं असेल."

सगळ्या गावाच्या खिडक्यांसाठी शिवणाऱ्या तिच्या मैत्रिणीने स्वतःच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं लावली होती, कारण पडदा टांगायला शिडी लागते. एकदा तोंडाने बोलली असती तर ही धावत गेली असती. पण घाईबाईने कधी सांगितलं नाही, आणि रोज शेजारी बसून या तिघींनी कधी विचारलं नाही. ती तिथे रस्त्यावरच तोंड झाकून रडली. तो तिला थांब म्हणाला नाही. तोही रडतच होता.

"घर विकत नाहीये मी," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "वर्षाने येईन तेव्हा कुठेतरी यायला हवं ना मला. खिडक्यांचं माप घेऊन ठेवलंय."

"तुमचं माप चुकलेलं असणार."

"असेल. तूच ये घ्यायला."

रविवारी ती शिडी घेऊन गेली. दुकानात निळं कापड शिल्लक होतं, मावशीने काही न विचारता पुढे केलं. ते तिने घाईबाईच्याच मशीनवर, घाईबाईच्याच घरात बसून शिवलं. तो वर्तमानपत्रं ओली करून हलक्या हाताने सोडवत होता. काचेवर बहिणीच्या बोटांचे ठसे होते, तेवढी काच त्याने पुसली नाही. बाहेर आभाळ तसंच दाटलेलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर त्याने येताना आणलेली तुतीची पुडी होती. दोघांनी त्यातलं एकेक फळ खाल्लं, बाकीची तशीच ठेवली. उद्या सकाळी तो निघणार होता. घराची किल्ली त्याने तिच्या पिशवीत आधीच टाकली होती, न विचारता.

पडदे शिवून झाले. ती शिडीवर चढली. वरच्या पायरीवर पाय ठेवल्यावर तिने पहिल्यांदाच खाली नीट बघितलं आणि मोकळ्या हाताने शिडी गच्च पकडली. इतकी वर्षं चढत होती, पण खालची जमीन एवढी लांब दिसते हे तिला कधी जाणवलं नव्हतं.

"नीट धरलीय ना?" तिने विचारलं.

"धरलीय," तो खालून म्हणाला. "सावकाश कर. घाई नाही."

तिचे डोळे भरून आले. तिने पहिली कडी दांडीवर सरकवली.