बांधलेले हात

खोटं वाटलं तर पेणजवळ जोह्याला जाऊन नूतनला विचारा. फक्त दुपारी जाऊ नका. दुपारी ती कारखान्यात एकटी थांबत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. घरात गणपतींचा कारखाना. मूर्तींचे डोळे आखायची ती नूतनची सासू, धोंडुबाई. चाळीस वर्षांत तिचा हात कधी थरथरला नाही.

तिचा नवरा रोह्याच्या एका दवाखान्यात बावीस दिवस श्वासाच्या मशीनवर पडून शेवटी गेला. पाठीला जखमा, जखमांत पू. ते बघून तिने पेणला वकिलाकडे रीतसर कागद केला. घशात नळी घालू नका. मला घरी न्या. आपल्याला बोलता येईनासं झालं तर निर्णय घ्यायला नाव घातलं सुनेचं, मुलाचं नाही.

"निकेश हळवा हाय," ती म्हणाली होती. "तू धीराची हायस गो."

बाई दोघांनाही ओळखायला चुकली.

श्रावणात तिला झटका आला. पेणच्या दवाखान्यात निकेशने नळी घालायला लावली. घरी नूतनने कागद पुढे केला, तर त्याने तो फाडून मूर्तींसाठी भिजवलेल्या लगद्यात टाकला.

"आत्ता आई गेली तर सुतक लागंल. सुतकातल्या घरचा गणपती कोण नेल? चतुर्थी होऊ दे. मग काढू नळी."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. इथे तर अजून मढंही झालं नव्हतं.

आणि धीराची सून? ती मूग गिळून बसली.

नववा दिवस. मंगळवार, दुपारचे दोन. लाईट गेलेली. निकेश बाहेर गेलेला. नूतन कारखान्यात एकटी...

सूंऽऽ... टक.

सूंऽऽ... टक.

दवाखान्यातल्या मशीनचा आवाज! इथे तर साधा पंखासुद्धा बंद होता.

आवाज मूर्तींच्या रांगेमागून येत होता. ती मागे गेली.

तिथे कोणी नव्हतं.

मग वास आला... कुजलेल्या जखमेचा, वर फिनेलचा. नाकाला पदर लावून तिने वर बघितलं, आणि...

एकाही मूर्तीला डोळे नव्हते.

निकेशने सकाळीच आखलेले. सगळे पुसलेले. बोटांचे काळे फराटे अजून ओले होते.

ती मिळेल त्या रिक्षाने पेणला धावली.

धोंडुबाईचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. डोळे चिकटपट्टीने मिटवलेले. नळीत पिवळा कफ खुळखुळत होता. नळी उपसू नये म्हणून दोन्ही मनगटं खाटेला बांधलेली, पट्ट्यांखाली कातडी सोलवटलेली. नूतनला शिसारी आली. सासूची नाही, स्वतःची.

तिने सासूचा हात हातात घेतला...

बोटांना काळा रंग होता. ओला.

"आईंचे हात कोनी सोडले होते?"

"नाय ताई," नर्स म्हणाली. "आल्यापासून बांधलेलेच हायत."

नूतन तडक डॉक्टरांपुढे उभी राहिली. "कागदावर माझं नाव हाय. नळी काढा."

वकिलाकडे दुसरी प्रत होती. डॉक्टरांच्या दोन समित्यांनी तपासलं. निकेश ओरडून ओरडून थकला. तीन दिवसांनी धोंडुबाई घरी आली आणि संध्याकाळी सुनेच्या मांडीवर गेली.

सुतक लागलंच. शेजारच्या कारखान्यातल्या विमलबाईने डोळे आखून दिले, आणि पार रोह्यापासून माणसं येऊन गणपती घेऊन गेली. "सुतक तुमाला. देवाला कसलं?" लोक म्हणाले. एक मूर्ती मागे राहिली नाही.

याच्यासाठी म्हातारीला बारा दिवस बांधून ठेवलं होतं!

आवाज मात्र गेला नाही. दुपारी लाईट गेली की अजून येतो... निकेशला तो ऐकू येत नाही. नूतनलाच येतो.

परवा ती स्वतःचा कागद करायला त्याच वकिलाकडे गेली होती. नळी नको, मशीन नको, सगळं लिहून झालं. मग वकिलाने विचारलं, "निर्णय घ्यायला नाव कोणाचं घालू?"

नूतनने कागद घडी घालून पिशवीत टाकला.

ती जागा अजून कोरी आहे.