वेशीवरून आलेली गिऱ्हाईकं

बसा, भिंतीला टेकून बसा. लाईट काही एवढ्यात येत नाही. दिवा आहे, तेवढा पुरे. परसातल्या खोलीकडे मात्र पाठ करू नका. घाबरवत नाही, पाहुण्याकडे पाठ करू नये इतकंच.

त्या दिवशी मी सुकट आणायला रेवदंड्याला गेलो होतो. बायजाने, म्हणजे आमच्या बायकोने, बजावलं होतं, सुकट दाबून बघा, ओली आणाल तर तुम्हीच खा. दाबून घेतली. नारळ दोन घेतले. एक घरातला, एक माझ्या मनातला. त्या मनातल्या नारळाचीच ही गोष्ट.

आमची नात प्रणाली ठाण्याची नोकरी सोडून घरी आली होती. आमच्या पाड्यात हल्ली घरोघर पाहुण्यांना खोल्या देतात. त्या सगळ्यांची मिळून एक साईट आहे. मुंबईचा माणूस घरात बसून बोट दाबतो आणि आमची खोली धरतो. गेल्या साली डिसेंबरचं बुकिंग उघडलं, सगळ्यांनी एकदम बोटं दाबली आणि साईट आडवी झाली. पाडाभर गाद्या घालून ठेवल्या होत्या, त्यांवर आमचीच मांजरं झोपली.

यंदा नवी साईट प्रणालीने केली. खोलीवाल्यांचा पुढारी कुलदीप. तो म्हणाला, "पोरी, रविवारी उघडायचं. पडली तर काम बाहेरच्या कंपनीला देणार. मग तुझी तू ठाण्याला मोकळी." हसतच म्हणाला, पण बायजाने तेव्हापासून त्याच्या चहात साखर घातली नाही.

म्हणून प्रणालीने ठरवलं, रविवारच्या आधी खोटी गर्दी सोडून साईट आपणच ढकलून बघायची. आज उभी राहिली तर रविवारीही उभी राहील.

"खोटी गर्दी म्हंजे गं कसली?" मी विचारलं.

"आबा, ती माणसं नसतात. त्यांना अंग नसतं. एकदम येतात, खोली मागतात, निघून जातात."

"अंग नसतं?"

"न्हाय. पण ह्या लॅपटॉपातून दोनशेच उठतात. मला हजार तरी पाहिजेत. माणसंच कमी पडतात, आबा."

तिचं तोंड मला बघवेना. पोर परत ठाण्याला गेली तर हे घर आम्हा दोघांना खायला उठेल. आणि कमी काय पडतंय, तर बिनअंगाची माणसं! अहो, समुद्रकाठच्या गावाला त्यांची काय वाण?

आमच्यात लग्न निघालं की पहिलं आवतण वेशीवर देतात. समुद्रात राहिलेले, ताडावरून पडलेले, तापात गेलेले, सगळ्यांना. नारळ फोडायचा आणि म्हणायचं, "कार्य तुमचंच हाय, समदी या." आणि त्याच दमात पुढचं, "जेवा, आणि सुखानं माघारी जा." दोन्ही म्हणायचंच. नुसतं बोलावून कुणी थांबत नाही.

रेवदंड्याहून येताना मी वेशीवर रिक्षा थांबवली. नारळ फोडला. "नातीचं कार्य हाय. माणसं कमी पडतात. समदी या..."

तेवढ्यात रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. "आबा, येता का जाऊ? पुढचं भाडं खोळंबलंय!"

मी पिशवी सावरत पळालो.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपार होती. वारा मेलेला. माडाची एक झावळी हलत नव्हती. ओटीवर प्रणाली लॅपटॉप घेऊन बसली, शेजारी खुर्चीत कुलदीप. बायजा आत भात शिजवत होती. प्रणालीने बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ वर चढायला लागली. जितकी माणसं आत, तितकी रेघ वर, असं तिने मला समजावलं.

दोनशेवर रेघ थांबली. आणि फाटक करकरलं.

फाटक उघडलं ते उघडंच राहिलं. कुणीतरी धरून ठेवावं आणि मागून माणसं येत राहावीत, तसं. अंगणातल्या कोंबड्या आवाज न करता दोन्ही बाजूंना सरकल्या. मधून वाट दिली. खाडीच्या चिखलाचा वास आला, त्यामागून ताडीचा, आणि त्यामागून जुन्या विडीचा...

"पाचशे," प्रणाली म्हणाली. "आबा, मी तर दोनशेच सोडलेत."

"वा!" कुलदीप खुश. "सोड आणखी! उभी हाय ना?"

"उभी हाय. पण मी काही सोडत नाय, काका..."

रेघ हजारावर गेली. तिथून पुढे गेली. ओटीवरचा बाक रिकामाच खाली वाकला. पाण्याच्या माठात पाणी खाली खाली जायला लागलं, तहानलेल्या माणसाच्या गळ्यात होतो तसा आवाज करत. कुलदीप खुर्चीसकट भिंतीकडे सरकला, मग आणखी सरकला. त्याला कुणी दिसत नव्हतं, पण जागा कमी पडत होती.

"बंद कर गं," तो हळूच म्हणाला.

"केलं... कधीच केलं."

रेघ होती तिथेच होती.

बायजा पळी घेऊन बाहेर आली. वास घेतला, माठ बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "अवो. कुणाला आवतण दिलंत?"

"पोरीची माणसं कमी पडत होती..."

"आणि माघारी जा म्हणालात?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे रिक्षाचा भोंगा आठवला.

"जन्मभर अर्धंच काम!" ती म्हणाली. भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं, वर सगळी सुकट ओतली आणि मला पुढे घालून वेशीवर नेलं. केळीच्या पानावर मी सगळं ओतलं. हात जोडले. "जेवा. आणि सुखानं माघारी जा. पोरीचं काम झालं."

घरी आलो तर फाटक लागलेलं होतं. कोंबड्या दाणे टिपत होत्या. प्रणाली पांढरीफटक, पण हसत होती. "आबा, एवढ्या गर्दीत एकदाही अडखळली नाय!"

कुलदीप गेला होता. साईट तुझीच, असं दोनदा म्हणून गेला म्हणे. त्याची मोटारसायकल अंगणातच होती.

रविवारी साईट उभी राहिली. पाडाभरच्या खोल्या गेल्या. पोर इथेच आहे, हे तुम्ही बघताच आहात.

फक्त रेघ अगदी खाली गेली नाही. एक गिऱ्हाईक राहिलं. आमचीच परसातली खोली धरलेली. नाव नाही. जायची तारीख नाही, आणि प्रणाली म्हणते, ती तारीख घातल्याशिवाय साईट पुढे सरकूच देत नाही. सूचनेच्या जागी एक ओळ होती. "ताडाखालची खाट द्या."

तिथला ताड मी पोर असताना तोडला. माझा चुलता त्यावरून पडला म्हणून तोडला. खोली त्यानंतरची.

प्रणाली ते बुकिंग रोज सकाळी पुसते. ते रोज परत येतं. बायजा मुकाट्याने रोज चादर बदलते आणि तांब्या भरून ठेवते. आम्हाला सवय झाली. घरचाच माणूस.

पण काल साईटवर अभिप्राय आला. पाच तारे. प्रणालीने वाचून दाखवला, मग परत वाचला.

"जागा बरी. गादी मऊ. वेशीवर समद्यांना सांगितलंय."

...फाटक वाजलं का? नाही, तुम्ही बसा. जरा सरकून बसा तेवढं.